चौथं दान

आपल्या समाजाला दान शिकवावं लागत नाही. कुठं पूर आला, भूकंप झाला की संध्याकाळपर्यंत पोळ्यांची पाकिटं बांधून तयार असतात. 30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी, आमच्या इंदूरात बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू होतं आणि बसलेल्या माणसांच्या खालची जमीन खचली. खाली जुनी बावडी होती. तिच्यावर स्लॅब टाकून वर मंदिराची जागा वाढवली होती. 36 माणसं गेली. रात्री सैन्याचे जवान आले, पाणी उपसून एकेकाला बाहेर काढत होते. त्या दिवशी शहरात ज्याला जे सुचलं ते त्याने नेलं. आमच्या श्राविका मंडळातल्या बायकांनीही चहा, पोळी-भाजी, चादरी पोचवल्या.

आहारदान झालं. औषधदानही आपण करतो, धर्मादाय दवाखाने आपल्या लोकांनी कितीतरी गावांत काढलेत. शास्त्रदानाला तर तोटाच नाही, माझ्याच कपाटात एका ग्रंथाच्या तीन-तीन प्रती पडल्यात. राहिलं अभयदान. निपाणीला माहेरी असताना बस्तीतले उपाध्ये संध्याकाळी पाठशाळेत चार दानं पाठ करून घ्यायचे. अभयदान म्हणजे काय विचारलं की आम्ही पोरी एका सुरात सांगायचो, कसायाच्या हातून बकरं सोडवणं. आज पन्नाशी उलटली तरी बहुतेकींच्या मनात अर्थ तोच आहे. माणसालाही भय वाटतं, आणि ते सुरीचंच असतं असं नाही, इकडे लक्ष जात नाही.

घरातला माणूस असा एकाएकी गेला की पंधरा दिवस घर भरलेलं असतं. मग माणसं पांगतात आणि कागद यायला लागतात. मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसांची कागदपत्रं, बँकेतला अर्ज, चौकशी अधिकाऱ्यापुढे जबाबाला या म्हणून नोटीस. कुणीतरी भला माणूस येऊन सांगतो, वहिनी, इथं सही करा, चेक लवकर निघेल. त्या सहीबरोबर आपण काय सोडून दिलं हे त्या बाईला कळायला मार्ग नसतो. तिकडे ज्याच्या हातून हे घडलं तो मालक असो, कंपनी असो नाहीतर एखादं सरकारी खातं, त्याचे वकील पहिल्या दिवसापासून कामाला लागलेले असतात.

हा विषय मी स्वाध्यायाच्या वेळी काढला तेव्हा मोठ्या काकू म्हणाल्या, “अगं, कोर्टात जाऊन गेलेलं माणूस परत येतं का? ज्याचं त्याचं कर्म उदयाला येतं. वर्षानुवर्षं राग धरून बसलं तर नवा बंध पडतो तो वेगळाच. आणि मेलेल्याचे पैसे मागायचे हे बरं दिसतं का?” काकूंचा अधिकार मोठा आहे. त्यांच्या स्वतःच्या घरातून तरणाताठा मुलगा गेलेला आहे, त्यामुळे त्या पुस्तकातलं बोलत नव्हत्या. चार जणींनी माना डोलावल्या. मी हे लिहिते आहे ते काकूंना खोडून काढायला नव्हे. त्यांच्या तिन्ही वाक्यांनी मला बरेच दिवस झोपू दिलं नाही, म्हणून.

कर्माचं आधी बघू. माझ्या वाट्याला हे का आलं, याचं उत्तर कर्मसिद्धांत देतो. ज्याने दार बंद ठेवलं तो सुटला, असं त्यात कुठंही नाही. उलट आपल्याकडे हिंसेची जी व्याख्या तत्त्वार्थसूत्रात आहे ती प्रमादापासून सुरू होते. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, हयगय. मुनी चार हात जमीन न्याहाळत चालले आहेत, आणि तरी पायाखाली एखादा जीव आला तर त्यांना हिंसेचा बंध नाही. दुसरा माणूस डोळे वर करून चालला आहे. त्याच्या पायाखाली कुणीही मेलं नाही तरी तो हिंसकच. लहानपणी मला हे अन्यायाचं वाटायचं. कुणी मेलंच नाही तर हिंसा कसली? आता वाटतं की हजार माणसांच्या जागेला एकच वाट ठेवणारा, नोटीस येऊनही स्लॅब न तोडणारा रोजच हिंसा करत असतो. एके दिवशी ती दिसते, एवढंच.

दिल्लीच्या उपहार सिनेमाची हकिगत बहुतेकींना वेब मालिकेमुळे माहीत झाली आहे. 13 जून 1997, ‘बॉर्डर’ पिक्चर लागला होता. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला, धूर वर बाल्कनीत चढला. बाल्कनीतून बाहेर पडायची एक वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली. 59 माणसं गुदमरून गेली. आगीने नव्हे, धुराने. त्या खुर्च्यांवर आदल्या दिवशी, आदल्या वर्षीही लोक बसले होते, पिक्चर बघून घरी गेले होते. प्रमाद रोज होता.

त्यात नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन्ही मुलं गेली, मुलगी सतरा वर्षांची, मुलगा तेरा. या बाई वकील नव्हत्या. त्यांनी इतर घरांना गाठून संघटना केली, आगीचे नियम, इमारतीचे नियम, फौजदारी कायदा स्वतः वाचून काढला. के. टी. एस. तुलसी यांच्यासारखा मोठा वकील एक पैसा न घेता उभा राहिला. पुढे न्यायालयाच्याच फायलीतली कागदं फाडल्याचं, त्यावर शाई सांडल्याचं उघडकीला आलं. तारीख न तारीख कुणी बसून होतं, प्रत्येक कागदावर कुणाची नजर होती, म्हणून ते धसास लागलं. त्याबद्दल मालक बंधूंसह काही जणांना 2021 साली दोषी ठरवलं गेलं. आगीला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट नवीनच कळली. फौजदारी खटल्यात ज्याचं माणूस गेलं तो पक्षकार नसतो. गुन्हा सरकारविरुद्ध घडतो, खटला सरकार चालवतं, बोलतो सरकारी वकील. मुलं गमावलेल्या आईचा वकील असला तरी त्याने सरकारी वकिलाला मदत करायची. हे थोडं थोडं बदलतं आहे. 2009 पासून आरोपी सुटला तर पीडिताच्या घरच्यांना स्वतः अपील करता येतं, आणि 2022 साली लखीमपूर खीरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पीडिताला प्रत्येक पायरीवर आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. पण हक्क आहे हे सांगायला घरी कोण येतं?

आता पैशाचं. काकूंचं ते वाक्य बायकांच्या मनात फार खोल असतं. मेलेल्याचे पैसे, रक्ताचे पैसे. मला वाटतं हे वाक्य बोलायला ज्यांना परवडतं तेच बोलतात. नवरा गेला, मुलं शाळेत आहेत, भाड्याचं घर आहे, त्या बाईने महिन्याच्या पाच तारखेला काय करायचं? आणि कायदा माणसाची किंमत करतो ती कशी, हेही आपण एकदा डोळे उघडून बघावं.

3 मार्च 1989 ला जमशेदपूरला टाटांच्या संस्थापक दिनाच्या समारंभात मंडपाला आग लागली. 60 जण गेले, बहुतेक बायका आणि मुलं. त्या आगीत आपली मुलं गमावलेल्या एका आईने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. भरपाई किती द्यायची याचा हिशोब करायला न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांना नेमलं. कमावत्या माणसाचा हिशोब पगारावरून होतो. पण मेलेल्या बायका घरातल्या होत्या, त्यांना पगार कुठला? तेव्हा गृहिणीच्या कामाची किंमत वर्षाला 12,000 रुपये धरली गेली. म्हणजे महिन्याला हजार. न्यायालयाने 2001 साली निकाल देताना सांगितलं की ही रक्कम फारच कमी आहे, आणि 34 ते 59 वयाच्या गृहिणीसाठी ती महिन्याला 3,000 केली. त्याहून म्हाताऱ्या बायकांसाठी वर्षाला 20,000.

मी माझ्या मिस्टरांना म्हटलं, त्या गटात मी अजून दोन-तीन वर्षं बसते, मग माझा भाव उतरणार. ते हसले, मीही हसले. पण रात्री ओटा पुसताना तोच आकडा डोक्यात होता. तीन हजारसुद्धा आपोआप झाले नाहीत. बारा वर्षं ती कुटुंबं मागे लागली होती. न्यायालयापुढे कुणीतरी उभं राहून सांगावं लागलं की ही बाई घरात काय काय करत होती. सांगणारा नसता तर हजारावरच मिटलं असतं आणि ते हिशोबात बरोबरही दिसलं असतं.

सांगणारा मिळाला की झालं, असंही नाही. उपहारच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2003 साली वीस वर्षांवरच्या मृतांसाठी 18 लाख आणि त्याहून लहानांसाठी 15 लाख ठरवले होते. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते 10 लाख आणि साडेसात लाखांवर आणले. कायद्याचं गणित मला कळत नाही. मूल लहान म्हणून कमी, हे आईला समजावून सांगणारा वकील कुणी असेल तर त्याला माझा नमस्कार.

आणि भोपाळ. इंदूरात राहून या विषयावर लिहायचं आणि भोपाळ टाळायचं, असं होत नाही. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधली रात्र. मी तेव्हा निपाणीत शाळेत होते, रेडिओवर ऐकलेलं आठवतं. इथं सासरी आल्यावर मात्र भोपाळच्या बायका भेटल्या. शेजारच्या गल्लीत एक राहतात, माहेर जुन्या भोपाळचं. त्यांच्या अब्बांची हकिगत त्या अजूनही तुटक तुटक सांगतात.

भोपाळला वकिलांची कमतरता नव्हती. काही दिवसांतच अमेरिकेहून वकील उतरले. आंधळ्या झालेल्या, खोकणाऱ्या माणसांकडून वकीलपत्रांवर सह्या, अंगठे घेतले. सरकारला वाटलं हे थांबवलं पाहिजे. 1985 साली कायदा झाला आणि सगळ्या गॅसपीडितांच्या वतीने दावा लावायचा हक्क एकट्या केंद्र सरकारने आपल्याकडे घेतला. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. झोपडीतला माणूस एकीकडे आणि युनियन कार्बाइड दुसरीकडे, त्याच्यासाठी सरकारने उभं राहायला हवंच. दावा आधी न्यूयॉर्कला लावला, तिथल्या न्यायाधीशांनी 1986 मध्ये भारतात पाठवला. मग फेब्रुवारी 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली, 47 कोटी डॉलर. ज्यांच्या वतीने झाली त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांना ती बातमी म्हणून कळली.

याच जागी मी सगळ्यात जास्त अडखळते. पालक झालेला माणूस पाल्याला न विचारता सौदा करू शकतो का? आपल्याकडे पोरींची लग्नं अशीच व्हायची, आणि वडील वाईट नसायचे. इथं तर पालकाचा हातही अगदी स्वच्छ नव्हता. कारखान्याला परवाने सरकारनेच दिले होते, आणि कंपनीचे काही शेअर सरकारी वित्तसंस्थांकडे होते. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण पीडितांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं हेही मान्य केलं. तडजोड मात्र राहिली. पुढे 2010 मध्ये सरकारलाच वाटलं की रक्कम कमी पडली, त्याने जादा मागितली. मार्च 2023 मध्ये ती मागणी फेटाळली गेली. शेजारच्या भाभी म्हणतात, दावा मांडायला गेलं की पहिला प्रश्न असायचा, गॅसनेच मेले कशावरून? त्या रात्री कुणी कागद घेऊन पळालं होतं का? आजारी म्हणून ज्यांचे दावे धरले त्यांतल्या बहुतेकांच्या हाती आधी पंचवीस हजार आले, बऱ्याच वर्षांनी आणखी तेवढेच. ‘पच्चीस हज़ार’ हा आकडा भाभी उच्चारतात तेव्हा दुसरीकडे बघतात.

म्हणून माझ्या मनात अभयदानाचा अर्थ हळूहळू घट्ट झाला आहे. मागे लागून अंगठा घेणारा वकील अभय देत नाही. सगळं माझ्यावर सोपवा आणि गप्प बसा म्हणणारा, मग तो सरकार का असेना, तोही देत नाही. शेजारी बसून कागद वाचून दाखवणारा, तिच्या भाषेत समजावणारा, आणि सही करायच्या आधी ‘तुम्हाला काय हवंय’ असं विचारून उत्तराची वाट बघणारा माणूस पाहिजे. कधी तिला पैसे हवे असतील, कधी फक्त दार कुणी बंद केलं ते नाव. कधी काहीच नको असेल. तेही तिनेच ठरवायचं.

काकूंच्या रागाच्या मुद्द्याला मी मुद्दामच शेवटी ठेवलं, कारण तो खरा अवघड आहे. आपण दर वर्षी क्षमावाणीला हात जोडतो. क्षमा करायला हवी यात मला शंका नाही. पण क्षमा कुणाला? प्रतिक्रमणाआधी आलोचना असते, स्वतःचा दोष स्वतःच्या तोंडाने गुरूपुढे सांगायचा. भोपाळच्या खटल्यात सात जणांना 2010 साली, साडेपंचवीस वर्षांनी, दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. अमेरिकन कंपनीचा प्रमुख वॉरन अँडरसन इथल्या न्यायालयापुढे कधी उभाच राहिला नाही, 2014 मध्ये तो गेला. जो ‘हे माझ्याकडून झालं’ असं म्हणतच नाही त्याला क्षमा करून ती कुठं पोचणार? न्यायालयात जाणाऱ्या सगळ्याच बायका रागाने जातात असं मला दिसत नाही. पुष्कळ जणी ती आलोचना ऐकायला जातात. राग त्यांना तारखांनी आणला.

इंग्लंडात हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावर 15 एप्रिल 1989 ला चेंगराचेंगरी झाली, 97 जण गेले. पोलिसांच्या वकिलांचा खर्च सरकारी तिजोरीतून, आणि कुटुंबांनी आपसात वर्गणी काढून वकील केला. पहिल्या चौकशीने अपघाती मृत्यू म्हटलं. ते 2012 मध्ये रद्द झालं आणि 2016 मध्ये नव्या चौकशीत ज्यूरीने सांगितलं की माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली, दोष प्रेक्षकांचा नव्हता. सत्तावीस वर्षं. आता तिथं सप्टेंबर 2025 मध्ये विधेयक आलं आहे की अशा चौकशीत सरकारी खात्याला वकील असेल तर कुटुंबालाही सरकारी खर्चाने वकील मिळावा.

आपल्याकडे यातलं थोडंसं आधीच कायद्यात आहे, हे मला फार उशिरा कळलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 चा. त्यात मोफत वकील कुणाला मिळेल त्याची यादी आहे. सामूहिक आपत्ती, पूर, दुष्काळ, भूकंप, औद्योगिक दुर्घटना यांत सापडलेला माणूस त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. बाई आणि मूल तर उत्पन्नाची अट न लावता. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच याचं कार्यालय असतं, फोन 15100. मंडळात मी विचारलं तेव्हा हे एकटीला माहीत होतं, त्या निवृत्त शिक्षिका आहेत. बाकीच्या सगळ्या म्हणाल्या, आपल्याला वाटलं ते गरिबांसाठी असतं. मोफतचा वकील सगळीकडे चांगलाच मिळतो असं मी म्हणत नाही. माझ्या एका नात्यातल्या बाईंचा वकील दोन तारखांना आलाच नव्हता. तिसऱ्या तारखेला त्या स्वतः प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन बसल्या, वकील बदलून मिळाला. बदलून मागता येतो हेही सांगावं लागतं.

आमच्या मंडळाकडे एक वही आहे. अडीअडचणीला रक्त कोण देईल, गाडी कुणाची, पन्नास माणसांचा स्वयंपाक कोण करेल, सगळी नावं नंबरासकट. त्यात या चातुर्मासात एक नवं पान घातलं. आत्तापर्यंत दोन नावं आली आहेत. एक दिवाणी काम करणारे सत्तरीचे वकील, म्हणतात मी उभा राहू शकणार नाही पण कागद तपासून देईन. दुसरी एक मुलगी, मागच्याच वर्षी सनद मिळालेली. तिला मी विचारलं, अशा घरी जाऊन तू पहिल्या दिवशी काय करशील? ती म्हणाली, “काकू, पहिल्या दिवशी काही नाही. आलेले कागद एका पिशवीत घालून ठेवा म्हणून सांगेन, आणि मला फोन केल्याशिवाय कुठं सही करू नका.”